ओल्या चुन्याखालचा बर्फ

"बीये, गारेगार गेला."

एस.टी.चा कंडक्टर सांगलीत आमच्या कचेरीच्या दारात उभा होता. गाडी स्टँडवर लावून तो तसाच चालत आला होता, गळ्यात तिकिटांची पेटी, हातात पंच. तो आमच्याच गावचा, उंब्रजजवळ कृष्णाकाठी आमचं गाव आहे तिथला. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं आणि गावातही पदवी घेणारा मी पहिलाच, म्हणून माझं नाव 'बीए' पडलं. ते नाव मी ताठ मानेनं वागवतो. आनंदाला मात्र गाव 'गारेगार' म्हणायचं, आणि ते त्याला कधीच आवडलं नाही. कंडक्टरच्या तोंडून शब्द निसटला तशी त्यानं जीभ चावली. "आनंदा... आनंदा गेला, आसं म्हनायचं हुतं," तो म्हणाला आणि पेटीच्या पट्ट्याशी चाळा करत उभा राहिला. मी टेबलावरचे कागद तसेच टाकले आणि त्याच्याच गाडीनं निघालो. वाटेत पलूसच्या पुढं उसाचे फड लागले, तुरे यायला अजून वेळ होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मागच्याच आठवड्यात ह्याच कंडक्टरनं मला आनंदाचा निरोप आणून दिला होता. "जमलं म्हनून सांग बीएला. आनि बघायला ये म्हनावं, लौकर." दसऱ्याच्या सुट्टीत येतो, असा उलट निरोप मी धाडला होता. दसरा अजून पुढंच होता.

आनंदा आणि मी एका गल्लीतले, भावकीतले, एकाच वर्षी पाटी धरलेले. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत असतो. आनंदाचा बाप, दोन चुलते, सगळे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. तोही वयात आल्यावर साताऱ्याला भरतीला गेला, पण छाती भरली नाही म्हणून त्याला रांगेतून बाजूला काढला. घरी आला तेव्हा बाप त्याच्याशी बोलला नाही. मी कॉलेजात जायला निघालो होतो. तो म्हणाला, "तू बुकं वाच गड्या, मी पानी बघतो." मुंबईच्या गोदीत त्यांचा एक लांबचा पाहुणा होता, त्याच्या ओळखीनं आनंदा एका परदेशी कंपनीच्या मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागला. बोटीवर काम काय, तर लोखंडाचा गंज टोकदार हातोडीनं ठोकून काढायचा, खरवडायचा आणि त्यावर रंग चढवायचा. एका टोकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा गंज धरलेला असायचा. गंजाची आणि जुन्या रंगाची ती धूळ वर्षानुवर्षं त्याच्या नाकातोंडात गेली. ज्या छातीला भरतीवाल्यांनी नको म्हटलं, तिच्यात बोटीनं काय काय भरलं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

ती बोट उन्हाळ्यात नॉर्वेच्याही वर, पृथ्वीच्या टोकाकडच्या एका बेटावर कोळसा भरायला जायची. नकाशात मी ते बेट दाखवू शकतो, आणि त्याचा आनंदाला भारी गमतीदार राग यायचा. "बोट ठेवलंस तितं बरफ हाय व्हय? तितं तर कागुद हाय." तिथं एका वर्षी खाडीच्या तोंडाशी बर्फ दाटला आणि बोट अडकून पडली. वरच्या साहेबांनी माणसांना खाली उतरायची परवानगी दिली. बाकीचे बोटीच्या सावलीत चेंडू खेळत राहिले आणि आनंदा चालत सुटला. बोट तिळाएवढी दिसेपर्यंत चालला, मग थांबला. हे त्यानं मला रजेवर आल्यावर आमच्या उसाच्या बांधावर बसून सांगितलं. मला वाटलं, थंडीचं सांगेल, पांढऱ्या अस्वलाचं सांगेल.  तो बांधावर थाप मारून म्हणाला, "बीये, तितं बांध न्हाई रं." आणि थोड्या वेळानं, "वासबी न्हाई. मातीचा न्हाई, पानाचा न्हाई, जनावराचा न्हाई. आपलं रगत कानात वाजतंय तेवढंच. आनि उजेड... दिस मावळतच न्हाई, त्यो आसा बगलंनं फिरतोय आनि बरफाच्या पोटात निळं निळं काय तरी हलतंय. कुनाचंच न्हाई त्ये. कुनाला नगंच हाय." ज्या गावात वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तिथला माणूस हे सांगत होता. मला तेव्हा त्यातलं अर्धंच कळलं. तो मात्र त्या जागेवरून परत आलाच नाही, असं आज वाटतं.

पुढं आणखी दोन उन्हाळे ती बोट तिकडं गेली आणि आनंदा दर वेळी चालून आला. बोटीवरच त्यानं उरलेल्या रंगात बोटं बुडवून डब्यांच्या झाकणांवर ते काढायला सुरुवात केली. शाळेत त्यानं कधी साधा आंबाही धड काढला नव्हता. सत्तर सालच्या आसपास दम लागायला लागला म्हणून कंपनीनं त्याला घरी बसवलं, तेव्हा तो पेटीभर झाकणं आणि ती टोकदार हातोडी घेऊन गावात आला. पेटीत परदेशी माल असेल म्हणून अख्खी गल्ली जमली होती. झाकणं बघून लोक हसले. "आरं, सायेबाच्या देशातनं ह्यानं गारेगार आनलंय!" असं कुणीतरी म्हणालं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कट्ट्यावरनं जाताना हमखास विचारायचे, "काय गारेगार, इतळलं का न्हाई आजून?" तो कधी उलट बोलला नाही. पण घरी येऊन पाण्याचा तांब्या न घेता तसाच बसून राहायचा, असं हौसावैनी सांगायच्या. हौसावैनी म्हणजे त्याची बायको, पलूसची. ह्या बाईनं त्याची सगळी वर्षं काढली, आणि त्या बर्फाशी एका घरात राहून काढली.

त्याचं मागणं मोठं नव्हतं. नाव नको होतं, विक्री नको होती. ती जागा जशी होती तशी एकदा, मरायच्या आधी एकदा, दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांना दिसावी. "म्या एकट्यानंच बघितलं तर त्ये झालं का न्हाई झालं, कुनी सांगावं?" असं तो म्हणायचा. मी शिकलेला, चार लोक ओळखीचे, म्हणून मी त्याला वाईला एका चित्रकलेच्या शिक्षकांकडं घेऊन गेलो. घाटाजवळ त्यांचं घर, भिंतींवर देवादिकांची सुरेख चित्रं. त्यांनी आनंदानं बर्फ काढलेले कागद खिडकीशी नेऊन नीट बघितले, चष्मा पुसून पुन्हा बघितले आणि आपुलकीनं म्हणाले, "बैठक चांगली आहे हो. आता रंग कधी भरणार?" आनंदानं कागद गुंडाळले, त्यांच्या पाया पडला. परतीच्या गाडीत तो हसत होता. हसता हसता खोकला लागला, आणि खोकला थांबल्यावर तो खिडकीबाहेर बघत राहिला, साताऱ्याच्या स्टँडपर्यंत.

दुसऱ्या वर्षी मी सांगलीत आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाला गळ घातली. मंडळाला देखाव्यामागं मोठा पडदा हवा होता. आनंदानं मांजरपाटाचे तागे शिवून घेतले, आमच्या वाड्याच्या गच्चीवर पसरले आणि महिनाभर त्यावर ओणवा होऊन काम केलं. पडदा टांगला तेव्हा मी स्वतः बघितला. छान होता, पण आनंदा म्हणाला, "आजून न्हाई. जवळ गेलंय, पर न्हाई." तो गावी जाऊन कपडे बदलून गणपती बसायच्या दिवशी परत आला. तोवर मंडळाच्या पोरांना ते रिकामं वाटलं होतं. त्यांनी गल्लीतल्या पाट्या रंगवणाऱ्याकडून मधोमध शंकर काढून घेतला होता, व्याघ्रासनावर, हातात त्रिशूळ, जटेतून गंगा, आणि शेजारी चांगला वशिंडाचा नंदी. लोक येत होते, "कैलास! कैलास!" म्हणत हात जोडत होते. एका म्हातारीनं पडद्याच्या खालच्या काठाशी बेलाची पानं ठेवली. मंडळाचा अध्यक्ष आनंदाच्या गळ्यात हार घालायला पुढं झाला. आनंदा हार घालून घेऊन उभा राहिला, नंदीकडं बघत. मग माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "नंदीच्या खुरांखाली त्यो बरफ टिकतोय व्हय रं? तितं काय त्यो जाड न्हाई. मुकं जनावर बुडायचं गड्या." मी हसलो. त्याच्या डोळ्यांत बघितल्यावर हसू तिथंच थांबलं. देवाला नाव ठेवायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण त्यानं पुन्हा कापडावर, कागदावर किंवा लोकांसाठी म्हणून काही काढलं नाही.

मग तो भिंतीकडं वळला. त्यांच्या घराच्या सोप्यात, दारातून आत पाऊल टाकलं की समोर एक अखंड भिंत आहे, ना कोनाडा ना खिडकी. आमच्याकडं घराला चुना देतात तो नीळ घालून देतात, नाहीतर भिंत पिवळट दिसते. आनंदा म्हणाला, मला आणखी काय पाहिजे, पांढरं हाय, निळं हाय. परसात खड्डा काढून तो कळीचा चुना विरवायचा, महिनोन्‌महिने मुरवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि पातळ, दुधाच्या निवळीसारखा करून हातावर हात चढवत जायचा. चुन्याची एक खोड आहे. ओला असताना तो दिसत नाही. भिंत नुसती ओली, करडी दिसते, खालचं सगळं त्यातून दिसत राहतं. वाळायला लागला की हळूहळू पांढरा उमटतो. म्हणजे हाताखाली काय होतंय ते काम करताना कळायचंच नाही. कुंचा खाली ठेवून वाट बघायची, आणि वाळल्यावर जे निघेल ते निघेल. मी म्हणालो, अरे, आंधळ्यासारखं काम हे, बाजारातले तेलरंग आणू या. तो म्हणाला, "न्हाई बीये. तितंबी आसंच हुतं. चालताना काय दिसायचं न्हाई, थांबलं की उमटायचं."

वर्षभर तो त्या भिंतीवर काम करायचा, आणि दसऱ्याच्या तोंडावर, गावातली सगळी घरं जेव्हा चुना मारून काढतात, तेव्हा तोही आपल्या भिंतीला जाड चुना मारून ते सगळं पुसून टाकायचा. जमलं नाही म्हणून. थंडीत पुन्हा सुरू. मी एकदा चिडून म्हणालो, अरे, काहीतरी राहू दे. तो म्हणाला, "खोटं ठिवून काय करू?" बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात भिंत बरीच पुढं गेली होती. गावची माणसं खडी फोडायच्या कामावरून उन्हाची परतायची आणि हाताला फडकी गुंडाळलेली तशीच त्याच्या सोप्यात टेकायची. हौसावैनी असेल नसेल ते घोटभर पाणी द्यायच्या. पहिल्यांदाच लोक त्याच्या बर्फासमोर न हसता बसले होते. मीही त्या दिवशी तिथं होतो. आमच्या भावकीतली एक म्हातारी खूप वेळ भिंतीकडं बघत बसली आणि म्हणाली, "आनंदा, एवढं जर इतळलं, तर आपली हीर भरंल की रं."  आनंदा उठून परसात गेला. मी मागं गेलो तर चुन्याच्या खड्ड्याशी उकिडवा बसून तो रडत होता. "मी बरफ दाखवतोय, त्यास्नी पानी दिसतंय. आनि त्येंचं काय चुकतंय? तूच सांग, काय चुकतंय?" त्या वर्षीही त्यानं दसऱ्याला भिंत पुसली. गावात चुना मारण्याइतकं पाणी कुणाकडंच नव्हतं. त्यानं आपल्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यात कालवला.

पुढच्या वर्षांचं सांगायला मन घेत नाही. दम वाढत गेला. मिरजेच्या दवाखान्यात मीच त्याला नेला. तिथल्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, की छातीत आधीच बोटीची धूळ बसली आहे, आता चुन्याच्या जवळही जायचं नाही. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "किती दिस म्हनाला?" डॉक्टर दिवस काही बोललेच नव्हते, मी तसं सांगितलं. "मग इचारायचं हुतंस की," तो रागानं म्हणाला. "कितीदा भित हुईल त्येचा अंदाज तरी आला आसता." वैनींनी चुन्याचा खड्डा बुजवला. त्यानं तो पुन्हा उकरला. त्यांनी कुंचा चुलीत घातला, तर त्यानं बांधावरचं घायपात ठेचून नवा केला. त्या दिवशी वैनी माझ्यासमोर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "भावजी, सवत आसती तर झिंज्या धरून भाईर काढली आसती. ह्या बरफाला कुटं धरू?" त्याला अपराधी वाटायचं, पण थांबता यायचं नाही. दोन हात मारायचा, खाटेवर येऊन पडायचा, श्वासाची शिट्टी वाजायची, डोळे भिंतीवर. भिंत वाळेपर्यंत तो झोपायचा नाही.

शेवटची भेट गणपतीच्या सुट्टीतली. मी दुपारी पोचलो तेव्हा त्यानं नुकताच हात दिला होता आणि भिंत नुसती ओली करडी होती. तो इतका वाळला होता की खाटेवर गोधडीच पडलीय असं वाटलं. मी भिंतीकडं वळलो तसा तो म्हणाला, "आत्ता बघू नगंस. वाळू दे." आम्ही इकडचं तिकडचं बोललो. लहानपणी नदीत पोहताना मी बुडता बुडता वाचलो होतो, त्याची त्यानं थट्टा केली. "बीए झालास, पर पवाय काय येत न्हाई तुला आजूनबी." हवा दमट होती, भिंत काही वाळेना, आणि माझी शेवटची गाडी होती. निघताना त्यानं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, तरी सोडवेना. "ह्या बारीला कायतरी निराळं व्हतंय बीये. मला भ्या वाटतंय." कसली भीती, असं मी विचारलं. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "जमलं तर मग काय करू?"

आणि मग तो निरोप. जमलं म्हणून.

मी कंडक्टरच्या गाडीनं पोचलो तोवर माती झाली होती. नदीवरून लोक परतत होते. सोपा बायकांनी भरलेला, आम्ही गडीमाणसं अंगणात बसून उठलो, आत कुणी गेलं नाही. आठवडाभरानं, दहाव्याच्या आदल्या दिवशी, मी पुन्हा गेलो. सुतकामुळं त्या घरात घट बसले नव्हते. भावकीतल्या बायका घर धुऊन सारवून काढत होत्या. मी पायरीवर चपला काढल्या आणि मान वर केली. हौसावैनी पदर खोचून, कपाळ मोकळं, त्या भिंतीच्या शेवटच्या कोपऱ्याला चुन्याचा कुंचा मारत होत्या. घट्ट, पांढरा, दसऱ्याचा चुना. सगळी भिंत झाली होती.

पण ओली होती. चुना अजून दिसायला लागला नव्हता, आणि त्याच्या खालून ते दिसत होतं.

मी बरंच लिहितो, कचेरीत माझा मसुदा कुणी दुरुस्त करत नाही, पण हे मला लिहिता येईल असं वाटत नाही. भिंतीवर काही काढलेलं नव्हतं. रेघ नव्हती, डोंगर नव्हता, आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. सोपा जिथं संपायला हवा होता तिथं तो संपत नव्हता, एवढंच. पुढं पुढं जात होतं, आणि लांब, खोलवर निळं हलत होतं, बगलेनं येणाऱ्या उजेडात. अगदी दूर गेरूचा एक ठिपका होता, तिळाएवढा. ती बोट. तो ठिपका बघितल्यावर मला कळलं की मी केवढा लांब चालून आलोय. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. टेकवायला तिथं काही नव्हतं.

मग मी भानावर आलो. चुना ओला आहे तोवर धुता येईल, वरचा हात तेवढा निघेल, असं डोक्यात आलं आणि मी परसाकडं धावलो. बादली भरून आणली. सारवणाऱ्या बायका बघत राहिल्या. एक म्हणाली, "आवं, दसऱ्याचा चुना दर साली त्येच मारायचं की. औंदा त्येंचा हात न्हाई, म्हनून हौसानं मारला. त्यात काय झालं?" मी पाण्यात फडकं बुडवलं. हौसावैनी माझ्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. हातावर, चेहऱ्यावर चुन्याचे शिंतोडे.

"नगा भावजी. मी इसरून न्हाई मारला. समजून मारलाय."

"वैनी, त्याला जमलं होतं हो! जन्मभर जे..."

"मला ठावं हाय जमलं हुतं त्ये." त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या. "रक्षा सावडून आलो. समदी आपापल्या घरला गेली. सांजच्याला मी दिव्याम्होरं बसले आनि वर बघितलं, तर भित न्हाई. आवं, भितच न्हवती तितं. समदं उघडं. इतकी सालं त्येंनी दावलं, मला कवा दिसलं न्हाई, आनि त्या दिशी दिसलं. मला वाटलं, ह्ये तितंच चालत निगाल्यात, फार लांब न्हाई गेलं. म्या हाक मारली भावजी. रोज मारतीया. वळून बघत न्हाईत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, चुना आणखी पसरला. "मानूस गेला. आनि एका अंगानं घर आसं सताड उघडं. तुमी शिकल्यालं हाय, तुमीच सांगा, आसल्या घरात एकट्या बाईनं रायाचं कसं?"

  धुतलं असतं तर कदाचित दोन्ही हात निघून आले असते, चुन्यावर चुना एकजीव होतो, हे आनंदानंच मला शिकवलं होतं. कदाचित वरचाच निघाला असता. मी बादली खाली ठेवली.

मग आम्ही दोघं उंबऱ्याशी बसलो. बाकीच्या बायकाही जिथल्या तिथं टेकल्या. दारातून ऊन आत येत होतं. आढ्याच्या बाजूनं भिंत आधी वाळायला लागली. पांढरं वरून खाली येत होतं, सावकाश, धुकं उतरावं तसं. आभाळ गेलं. मग ते निळं, एकेक ठिकाण विझत विझत... मी मनातल्या मनात म्हणत होतो, थांब, थोडं थांब. कोण कुणासाठी थांबणार होतं! दुष्काळात विहिरीचं बोलली होती ती म्हातारी पलीकडं बसली होती. तिला आता फार दिसत नाही. तीसुद्धा मान वळवून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "लय लांब हाय गं ह्ये." सगळ्यात शेवटी गेरूचा ठिपका राहिला. वैनींनी डोळ्यांची पापणी लववली नाही. ठिपका फिका झाला, मग तिथं आहे असं नुसतं वाटायला लागलं, मग तेही नाही.

ह्या गोष्टीला आता महिना होऊन गेला. परवा रविवारी मी पुन्हा गावी गेलो होतो. आनंदाचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. खलाशाच्या पुस्तकावर चिकटवलेला एक होता, तोच मी कराडच्या स्टुडिओत मोठा करून, चौकट घालून नेला. तरुण चेहरा, ताणून फुगवलेली छाती. चौकट लावायला म्हणून मी त्याच्याच टोकदार हातोडीनं समोरच्या भिंतीवर खिळा धरला, कारण दारातून आलं की नजर तिथंच जाते, गावात फोटो तिथंच लावतात. वैनी चुलीपुढून उठून आल्या. "तितं न्हाई," म्हणाल्या. "त्या भितीला खिळा मारू नगा." त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, दाराच्या वर, आतल्या अंगाला जागा दाखवली. आत येणाऱ्याला तो दिसत नाही, पाठीमागं राहतो. मी खिळा मारला. त्यांनी हार घातला, चौकट सरळ केली, खाली उतरून एकदा फोटोकडं आणि एकदा समोरच्या कोऱ्या भिंतीकडं बघितलं. मधे दोरीवर वाळत घातलेलं एक लुगडं आड येत होतं. ते त्यांनी ओढून काढलं आणि घडी घालत आत गेल्या.